गोदाला आणू नकोस

गंगापूर रोड, नाशिक
११ जानेवारी

चि. वेदिका,

आधी 'चि. सौ.' लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तू सौभाग्यवतीच आहेस. निकालानंतर सुनेला काय लिहायचं ते आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही. म्हणून नुसतं चि. लिहिलंय. तेवढं तरी माझ्या हातात आहे.

म्हातारीला पत्राचं खूळ कुठून आलं म्हणशील. एक तर माझं व्हॉट्सअ‍ॅप योगेशच्या लॅपटॉपवरही उघडतं. दुसरं, मागच्या वेळी फोनवर आपलं काय झालं ते तुला माहीत आहे. शिवाय माझा आवाज जरा बसलाय. यंदा थंडी फार आहे, निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतायत.

तुझा पत्ता तुझ्या आईने दिला. सटाण्याला एका लग्नात आम्ही समोरासमोर आलो. मला वाटलं, त्या तोंड फिरवतील. फिरवायलाच हवं होतं. पण त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, नात भलती गोड शे. नाक तुमनासारखं शे." मी नुसती मान हलवली. मग त्यांनी नाव सांगितलं.

गोदा!

अगं, हैदराबादला राहून मुलीचं नाव गोदा ठेवतेस आणि वकिलाकरवी कळवतेस की नाशिकशी संबंध ठेवायचा नाही. तिथे मुसी नदी होती की. मी घरी येऊन दार लावून हसले, आणि मग काय झालं ते सांगत नाही.

सोबत कुंची पाठवली आहे. लाल खणाची आहे, आतून जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर लावलंय. हैदराबादला थंडी नसते हे मला ठाऊक आहे. तरी एकदा घालून बघ.

योगेशची वकिली मी करणार नाही. ओझरच्या त्या बाईपायी त्याने तुझ्याशी जे केलं, ते माझ्या पोटच्या पोराने केलं म्हणून बरं ठरत नाही. आता ती बाईही नाही आणि तूही नाहीस. संध्याकाळी हा टीव्ही लावून बसतो आणि बघत मात्र नाही. त्याच्यासाठी मला काही मागायचं नाही. मला माझ्यासाठी मागायचंय. गोदाला एकदा मांडीवर घ्यायचंय. एकदाच म्हणते, म्हणजे तुला हो म्हणायला सोपं जाईल.

तुझी अजून तरी सासू,
वत्सला


३० जानेवारी

चि. वेदिका,

तुझं पत्र मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही, मध्ये चार ओळी. लग्नाआधी तू योगेशला लिहायचीस ती पत्रं कशी पोतंभर असायची! पण आतून फोटो निघाला, त्यामुळे चार ओळींची तक्रार मी मागे घेते. नाक माझं नाही. माझ्या सासूचं आहे. देव पोरीचं भलं करो.

तू विचारलंयस, "गोदा झाली त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला. तुम्ही उचललात आणि एक शब्द बोलला नाहीत. मग आता कुंची कशाला?"

बरोबर विचारलंस. इतके महिने हे मनात धरून बसली होतीस, आणि मी तिकडे तुला हट्टी म्हणत होते.

जुलैत माझ्या जिभेचं ऑपरेशन झालं. कॅन्सर. डाव्या अंगाची जीभ काढली. मिश्रीने केलं हे. अंगणवाडीत जन्मभर बायांना तंबाखू सोडा म्हणून सांगितलं आणि घरी येऊन मोरीपाशी स्वतः मिश्री लावली. तू एकदा डबी पाहिली होतीस आणि मी म्हणाले होते, दात दुखतात. या घरात सगळ्यात लांब जीभ कुणाची, हे तुला वेगळं सांगायला नको. नेमकी तीच कापली.

तुझा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात होते. गळ्याला भोक पाडून नळी घातली होती. त्या नळीमुळे आवाज निघत नाही, सगळी हवा तिथूनच जाते. योगेश खाली औषधं आणायला गेला होता. पडद्यावर तुझं नाव पाहिलं आणि काही विचार न करता उचलला. तू म्हणालीस, "आई, मुलगी झाली." मी बोलले गं. कशी आहेस म्हटलं, जपून राहा म्हटलं, माझ्या बाईचं सोनं होऊ दे म्हटलं. ओठ हलत होते, बाहेर काही येत नव्हतं. तू दोनदा हॅलो म्हणालीस आणि ठेवलास. नर्सला वाटलं, मला दुखतंय. तिने सुई दिली.

तुला कळवू नको, अशी शपथ मीच योगेशला घातली होती. कीव करून आलेली सून मला नको होती. रागाने का होईना, स्वतःच्या पायांनी आलेली चालली असती.

आता नळी गेली. बोलते, पण घरच्यांनाच कळतं असं. योगेश सगळं मिक्सरमधून काढून देतो. पोळीसुद्धा. त्याला भाजी येत नव्हती, आता भाजीचं पाणी छान येतं. तुझ्या मुलीचं नाव रोज म्हणून बघते. 'गो' जमतो. 'दा'ला जीभ दातांशी न्यावी लागते, ती तिथवर पोचत नाही. तेव्हा सध्या ती गोआ आहे. घरबसल्या गोव्याला जाऊन येते मी.

हे वाचून रडू नकोस. आणि रडलीस तर पुढच्या पत्रात लिही, म्हणजे मला बरं वाटेल.

वत्सला


१६ फेब्रुवारी

प्रिय वेदिका,

या वेळी तू 'आई' लिहिलंस. तो कागद मी देवापाशी ठेवणार होते, पण देवाला काय करायचाय तो? माझ्या उशीखाली आहे.

२४ मार्चला कोर्टाची तारीख, तू गोदाला घेऊन येणार, पंचवटीत मावशीकडे उतरणार आणि दुसऱ्या दिवशी तिला माझ्याकडे आणणार! मी योगेशला बोट दाखवून बजावलं की त्या दिवशी तू घरात नकोस. तो म्हणाला, "बरं, आई." इतका गरीब झालाय की त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

पुढे डॉक्टर काय म्हणतात, हे तू विचारलंयस. सांगणार नव्हते, पण आता मला तुझी नोकरीही उपयोगाची झाली आहे. मानेत उजवीकडे दोन गाठी आल्यात. केमो घेऊन झाली, त्या ऐकत नाहीत. इथल्या दवाखान्यात एका नव्या उपचाराची चाचणी चालू आहे. तृप्ती नावाची डॉक्टर आहे, वयाने तुझ्यापेक्षाही लहान दिसते. ती म्हणाली, "काकू, आम्ही तुमच्या गाठीत एक व्हायरस सोडणार आहोत." मला पहिली तू आठवलीस. तू लशीच्या कंपनीत लागलीस तेव्हा मी तुला घरात शिरण्याआधी हात धुवायला लावायचे. आणि आता तोच मला सुईने आत घ्यायचा आहे!

तिने जे समजावलं ते लिहिते, चुकलं असेल तर सांग. हा गोवराचा विषाणू. लशीत असतो तसा कमजोर केलेला, आणि वर आणखी फेरफार केलेला. कॅन्सरच्या पेशींचं मुख्य दुखणं हे की त्या एका जागी बसत नाहीत. मानेतून निघतात आणि फुप्फुसात जाऊन बिऱ्हाड करतात. एकदा तसं झालं की मग डॉक्टरांच्या हातात फारसं उरत नाही. हा विषाणू त्या पेशींमध्ये शिरला की शेजारच्या पेशींना एकमेकींत चिकटवून त्यांचा गोळा करतो. गोळा झालेल्या पेशींना हिंडता येत नाही, आणि पुढे त्या मरतात. उंदरांत असं झालंय. माणसांत होतं का, ते आमच्यासारख्यांवर पाहायचंय. खात्री काही नाही, हे तिने तीनतीनदा सांगितलं.

मी माझ्या पाटीवर लिहिलं (बोलणं कळत नाही तिथे मी अंगणवाडीतली पाटी नेते), 'म्हणजे सगळी भावकी एके ठिकाणी आणून संपवायची. आमच्या चांदवडला हे बिनसुईचं होतं.' बिचारी इतकी हसली की बाहेरची नर्स आत आली.

लहानपणी गोवर येऊन गेला असला तरी चालतं, कारण थेट गाठीतच टोचतात. एक पथ्य मात्र कडक आहे. इंजेक्शननंतर तो विषाणू काही दिवस थुंकीत येऊ शकतो. तेव्हा लस न घेतलेलं तान्हं मूल आणि गरोदर बाई यांच्या जवळ जायचं नाही. मधे ताप आला तर लगेच कळवायचं. घशातून कापसाच्या काडीने नमुना घेतात, तो साफ आला की मोकळं. साधारण तीन आठवडे लागतात म्हणाली. गोदाला गोवराची लस मिळणार नऊ महिने भरल्यावर, म्हणजे मे महिन्यात. म्हणून मी इंजेक्शन लवकर मागून घेतलं. येत्या शुक्रवारी आहे. तू येईपर्यंत घोडं गंगेत न्हालेलं असेल.

सोबतीला चांदवडहून कुसाबाई आल्यात, माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना सगळं सांगितल्यावर कपाळाला हात लावून म्हणाल्या, "गोवर म्हंजी बाया, देवीच त्या. बाया काय सुई टोचून बोलवत्यात व्हय? लय वंगाळ काम हाय हे, वत्सला." मग थोडा विचार करून, "आता बोलावलंच हाय तर त्यांचा मान ठेवावा लागंल."

तू काय म्हणतेस ते लगेच कळव. तू नको म्हणालीस तरी मी घेणारच आहे, पण कळव.

वत्सला


१४ मार्च

प्रिय वेदिका,

घाईत लिहितेय. सगळं छान आहे. इंजेक्शन झालं, मुंगी चावल्यासारखंही वाटलं नाही. ताप नाही, काही नाही. तू बिनघोर ये.

कुसाबाई अजून आहेत. दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या लावल्यात, डास फार झालेत म्हणून. घरात फोडणी सध्या बंद आहे. त्यांना त्या वासाने ठसका लागतो. बिनफोडणीचं वरण आणि दहीभात चाललाय. मला काय, तशीही चव कळत नाही.

माळ्यावरून लाकडी पाळणा काढलाय. योगेशने पॉलिश करून आणला. गोदा एकच दिवस येणार तर पाळणा कशाला, असं तो म्हणाला नाही. त्याने नुसतं चारही कड्यांना तेल लावून पाहिलं आणि रिकाम्या पाळण्याला एक झोका दिला.

गोदाला कुणाच्या तरी पायाला धरून झोपायची सवय आहे का अजून? तू लिहिलं होतंस. मी माझी पावलं भिजवून, घासून मऊ केलीत.

ये. नक्की ये.

वत्सला


१९ मार्च

वेदिका,

गोदाला आणू नकोस.

हे पत्र स्पीडपोस्टने टाकतेय, तरी तू निघण्याआधी मिळेल याचा भरवसा नाही. फोनही करणार आहे. पण फोनवर मी काय बोलेन आणि तुला काय कळेल, देव जाणे. म्हणून सगळं कागदावर लिहिते.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझ्यासारखी हुशार मुलगी त्याला कशी फसली? कडुनिंब, बंद फोडणी, दहीभात. सटाण्याच्या पोरीला एवढ्यावरून कळायला हवं होतं की घरात बाया मानल्यात. तुझा मेसेज आला, "आई, तुम्ही लिहिलंत म्हणून मी निर्धास्त येते." कालपासून तो निर्धास्त शब्द माझ्यापुढून हलत नाही.

ताप आला होता. इंजेक्शननंतर आठवड्याभराने आला आणि चांगला भाजून काढणारा आला. कुसाबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि जमिनीला डोकं टेकलं. "आली बघ," म्हणाल्या. "आता गोळी नाय घ्यायची. आन् त्या डाक्टरणीला नाय सांगायचं. पाव्हणीला कुणी दारातनं हाकलतं का?" त्यांनी पाला आणला, माझ्या अंथरुणाखाली पसरला, कढईला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. योगेश कामासाठी आठवडाभर पुण्याला होता. दवाखान्यात तपासायला जायचा दिवस आला तेव्हा त्या उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "बाया अंगावर असताना घर सोडायचं नाय." मी दवाखान्यात कळवलं की भावकीत लग्न आहे, चांदवडला चाललेय.

तू म्हणशील, आई, तुम्ही? तुम्ही वाड्या-वस्त्यांवर फिरून पोरांना गोवराची लस द्यायला लावली. अगं, मी तर बायांची ओटी भरणाऱ्या घरात जाऊन ताटातलं कुंकू बाजूला सारायचे आणि पोर उचलून दवाखान्यात न्यायचे. मला शिव्या दिल्यात लोकांनी. कुसाबाई भोळ्या आहेत, त्यांना नावं ठेवू नकोस. त्यांनी जे केलं ते माझा जीव वाचावा म्हणून केलं. लबाडी माझी. मी मनात हिशेब मांडला की ताप कळवला तर डॉक्टर पथ्याचे दिवस वाढवेल आणि गोदा हातची जाईल. वर हेही वाटलं की खरंच आली असेल देवी. गाठीशी भांडायला आली असेल. गोळी घेऊन तिला कशाला थंड करा? तापात माणूस काय काय मानतं. मी पाल्यावर पडून तिला म्हणत होते, बाई, तुझं काम लवकर उरक, माझ्या घरी नात यायचीय.

ताप गेला. कुसाबाईंनी दहीभाताचा नैवेद्य दाखवून बायांना वाटेला लावलं. त्यानंतर मी शहाण्यासारखं तोंड करून दवाखान्यात गेले. तृप्तीने घशातला नमुना घेतला. १३ तारखेला बोलावून सांगितलं, विषाणू अजून आहे. मग तिने खोदून विचारलं आणि मला तापाचं सांगावं लागलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी परत ओरडले असते, बोबडं का होईना. ती म्हणाली, "काकू, त्याच दिवशी कळवलं असतंत तर नमुना घेतला असता, औषध दिलं असतं, किती दिवसांत उतरतोय ते कळलं असतं. आता मला काहीच ठाऊक नाही. सलग दोन नमुने साफ येईपर्यंत नातीला भेटायचं नाही."

मी पाटीवर लिहिलं, 'विषाणू कमजोर आहे म्हणाला होतात. काही होईल का तिला?'

ती म्हणाली, "बहुतेक काही होणार नाही. पण तान्ह्या बाळांवर आम्ही हे पाहिलेलं नाही. बहुतेकवर तुमची नात पणाला लावू का मी?"

आणि तिथून घरी येऊन दुसऱ्या दिवशी मी तुला लिहिलं की बिनघोर ये. वाटलं, तोवर दहा दिवस आहेत, जाईल की. काल दुसरा नमुना आला. अजून आहे. मी रात्री ठरवत होते की तोंडाला फडकं बांधून घेईन, फक्त पाय धरू देईन, मुका घेणार नाही. मला माहीत आहे मी मुका घेतला असता. तिला मांडीवर देऊन तू चहा ठेवायला आत गेली असतीस आणि मी घेतला असता.

म्हणून आणू नकोस. मला तिला इतकं बघायचंय की माझ्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. पाळणा योगेशने परत माळ्यावर टाकला. टाकताना तो माझ्याकडे बघत नव्हता. त्यानेही अजून तिला पाहिलेलं नाही, हे मी या सगळ्यात विसरलेच होते.

तुला चीड आली तर येऊ दे. कोर्टात जा, सही कर, परत जा. इकडे नाही आलीस तरी मी काही म्हणणार नाही.

वत्सला


२ एप्रिल

वेदिका,

तू गेल्यापासून लिहायला बसत होते आणि उठत होते.

पहिलं त्या फोनचं. तुला किती कळलं मला ठाऊक नाही, म्हणून मी काय म्हणाले ते लिहिते. मी म्हणाले, गोदाला आणू नकोस. तू म्हणालीस, "आई, पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. तू म्हणालीस, "सावकाश." तेव्हा कुसाबाईंनी फोन ओढायला हात पुढे केला, "दे, मी सांगते तिला." मी दिला नाही. एवढं एक वाक्य मला माझ्या तोंडाने सांगायचं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा लाळ पार हनुवटीवर आली होती.  मग तू म्हणालीस, "कळलं, आई. तिला नाही आणत. मी येते."

'मी येते' हे तू दया म्हणून म्हणालीस की आणखी कशाने, ते मी विचारणार नाही. माझा पूर्वीचा ताठा आता तेवढा उरलेला नाही.

त्या दिवशी सकाळी तू कोर्टात सही करून माझ्या मुलापासून मोकळी झालीस आणि दुसऱ्या दिवसापर्यंत न थांबता दुपारीच माझ्या दारात उभी राहिलीस. योगेश जिना उतरत होता, तू चढत होतीस. मी वरून ऐकत होते. तो म्हणाला, "आईला तेल लावलेल्या भाकरीचा चुरा आवडतो, दुधात भिजवून दे." एवढंच. तू म्हणालीस, "बरं." लग्न मोडल्यावर माणसं काय बोलत असतील याचा मी पुष्कळ विचार केला होता. हे काही मनात आलं नव्हतं.

गोदा पंचवटीत तुझ्या मावशीच्या घरी झोपली होती. इथून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर. कुसाबाई म्हणाल्या, "लांबून तरी दाखव की म्हातारीला, फोनवर दाखव." तू फोन पुढे केलास आणि मी नको म्हटलं, ते तुला लागलं का? मला फोनमधली नको होती. फोनमधली मी रोज बघते.

मग तू माझ्या शेजारी बसलीस आणि चुरा भरवायला लागलीस. भरवताना तुझा खांदा माझ्या तोंडाशी आला. उजव्या खांद्यावर, त्या पोपटी कुर्त्यावर, दुधाचा वाळलेला डाग होता. निघताना गोदाने तुझ्या खांद्यावर दूध ओकलेलं असणार. मी तिथे नाक लावलं. तुला वाटलं, मी रडण्यासाठी डोकं टेकलं. रडले ते नंतर. आधी मी वास घेतला. आंबूस दूध, टाळूचं तेल, आणि त्यामागे तो एक वास जो सगळ्या तान्ह्या बाळांना असतो आणि तरी प्रत्येकाचा वेगळा असतो. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं वजनकाट्यावर ठेवली आहेत मी, मला कळतो. तो आपल्या गोदाचा होता.

तू हलली नाहीस. हातातला चमचा तसाच धरून किती वेळ बसून राहिलीस.

तृप्तीने सांगितलं होतं, परत बाळापाशी जाण्याआधी अंघोळ करून कपडे बदला, हे कपडे इथेच धुवायला टाका. तू न्हाणीत गेलीस, तुझ्या जुन्या कपाटात राहिलेला निळा ड्रेस घातलास, तो तुला आता सैल होतो. जेवत नाहीस वाटतं. आणि पोपटी कुर्ता मोरीपाशी बादलीत टाकून गेलीस.

तो मी धुतलेला नाही. कुसाबाई साबण घेऊन बसल्या होत्या, मी त्यांच्या हातून ओढून घेतला. त्या म्हणाल्या, "डाग पक्का होईल गं." होऊ दे म्हटलं. हे दोन शब्द तरी त्यांना बरोबर कळले असावेत, कारण त्या साबण ठेवून उठल्या.

आता कामाचं. काल नमुना साफ आला, पहिला. गाठी मोजल्या. कमी झालेल्या नाहीत. पण वाढल्याही नाहीत, आणि फुप्फुसाचा फोटो स्वच्छ आहे. तृप्ती म्हणाली, यावरून आत्ताच काही म्हणता येत नाही, आणि म्हणताना हसत होती. सोमवारी दुसरं इंजेक्शन आहे. या वेळी ताप आला तर कुसाबाई स्वतः दवाखान्यात फोन लावणार आहेत, त्यांनी नंबर भिंतीवर कोळशाने लिहून घेतलाय. पाला मात्र अंथरुणाखाली राहणार, तो मी काढू देत नाही. दोन्ही चालू देत.

म्हणजे पुन्हा ते पथ्याचे दिवस आले. एप्रिल असाच जाईल. मे महिन्यात गोदाला लस मिळेल. तारीख चुकवू नकोस, कामाच्या गडबडीत पुढे ढकलू नकोस. टोचताना ती रडेल, तेव्हा तिला पदराखाली घे आणि सुई दाखवू नकोस. दुसऱ्या दिवशी अंग गरम झालं तर घाबरायचं नाही. आणि लस झाली की लगेच धावत येऊ नकोस. लस अंगी लागायला जेवढे दिवस लागतात तेवढे नीट जाऊ दे. तृप्तीला विचार, मला विचारू नकोस. मी कमीच सांगेन.

कुर्त्याला आता फक्त कापडाचा वास येतो. तरी तो घडी घालायची मला हिंमत होत नाही.

तिला भरपूर वाढव. मी थांबते.

तुझी,
आई